छाट

संघाचं पहिलं रजिस्टर माझ्या हातचं.
सातवी पास होतो, अक्षर वाचता येण्याजोगं,
एवढीच पात्रता.
चिंचटोल्यात, बोडीच्या पाळीवर बसून
मी बायकांना नाव विचारायचो
आणि त्या नवऱ्याचं सांगायच्या.
पुस्तकला उके तेवढी म्हणाली,
"माहं लिव्ह. विडी तो नाही बांधत."

रात्री ओल्या पोत्यात तेंदूची पानं,
सकाळी फर्मा, कैची, मांडीवर सूप.
हजार विड्यांत अख्खा दिवस जायचा
आणि गभणे सट्टेदाराच्या ओट्यावर दहा मिनिटं.
तो कट्टा उचलायचा, नाकाशी न्यायचा,
मूठभर विड्या बाजूला टाकायचा.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत, छाट परतही नाही.
ती कुठं जाते ते सगळा टोला जाणत होता.
मंगळवारच्या बाजारात
तीच विडी, मोराच्या लेबलात,
आमचेच बाप विकत घेऊन ओढायचे.

मागणीपत्रात पहिली ओळ:
छाट आमच्यासमोर मोडा.
भाववाढ चौथ्या नंबरवर.
मी म्हटलं, आधी पैशाचं लिहू.
पुस्तकला म्हणाली, "पैसे मंग भेटतीन रे बापू,
आधी चोरी बंद कर म्हना."

गोंदियाहून टाइप केलेलं उत्तर आलं.
सदर महिला आमच्या कामगार नाहीत.
सबब आपल्या संघास मान्यता देण्याचा
प्रश्नच उद्भवत नाही.
मी तीनदा वाचून दाखवलं.
"उद्भवत म्हंजे?" रायवंतानं विचारलं.
म्हटलं, उगवत.
"मंग उगवन," ती म्हणाली
आणि सुपातला जरदा झटकून
सूप खुंटीला उलटं टांगलं.

अकरा आठवडे ते तसंच होतं.
रोवणी लागली, काही जणी चिखलात उतरल्या.
काही जणी अंधार पडल्यावर
गभणेच्या मागच्या दारानं पानं घेऊन आल्या.
मी त्यांचीही नावं लिहिली, वेगळ्या पानावर,
लाल शाईनं.
पुस्तकलानं ते पान टरकन फाडलं.
"उद्या मोर्च्यात कोन येईन मंग,
तुही लाल शाई?"
रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.
त्या फाटलेल्या कडेशी बोट नेलं
की अजून लाज वाटते.

भंडाऱ्याला, कामगार अधिकाऱ्यासमोर,
कंपनीचा वकील शांतपणे म्हणाला,
विडीवर नाव नसतं साहेब.
कोणी बांधली, कशावरून सांगणार?
टेबलावर कट्टे होते, लेबलं काढलेले.
पुस्तकला उठली.
एकेक कट्टा घेऊन अंगठ्यानं चाचपत गेली.
"हे रायवंताचं. डावरी हाये ते, गाठ उलटी पडते.
हे कौतिकाचं. बाळंतपनातलं, ढिलं हाये.
हे सयत्राच्या घरचं, पन तोंडं सासूनं मोडली,
नखाचं निशान पाहा जी.
अन् हे माहं.
हे गभणेनं छाट म्हनून फेकलं होतं,
तुमच्या कट्ट्यात कसं आलं?"
अधिकारी लिहीत होता.
लिहायचं थांबला.
वकिलानं पाणी मागितलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती.
निकालाला अजून चार वर्षं लागली.
मधे दोन अधिकारी बदलले, कौतिका गेली,
पुस्तकलाचा खोकला
आम्हाला घड्याळासारखा सवयीचा झाला.

मग ओळखपत्रं आली, गठ्ठ्यानं, रबर लावून.
मी घरोघरी वाटली.
तिनं तिचं हातात घेतलं.
फोटो तिचा, शिक्का सरकारचा,
नाव: पुष्पकला.
मी म्हटलं, एका अक्षराची तर चूक आहे,
चालून जाईल.

तिनं ते कार्ड गभणेसारखं नाकाशी नेलं,
उलटंसुलटं करून पाहिलं
आणि माझ्यापुढं टाकलं.
"छाट," म्हणाली.
"दुसरं आन.
अन् हे माह्यासमोर मोड."

कागद जाड होता.
मला दोन्ही हात लावावे लागले.